आधी देह की आधी प्रयोजन?

अर्धविराम

माझे वडील ७६ वर्षांचे निवृत्त गणितशिक्षक आहेत. त्यांना वेळेवर जेवण मिळते, आठवड्याच्या औषधांची डबी भरून ठेवलेली असते, खोलीत भरपूर उजेड आहे आणि रात्री हाक मारली तर कोणीतरी उठून येते. असे असूनही गेल्या दीड वर्षात ते स्वतःमध्ये मिटत चालले आहेत. पूर्वी घरात कोणी आकडेमोड चुकवली तर ते पलीकडच्या खोलीतून दुरुस्त करत असत. आता समोर बसून चुकवली तरी काही बोलत नाहीत.

यावरून माझा आणि थोरल्या भावाचा वाद चालू आहे. दादाचे म्हणणे असे की, या वयात झोप, आहार आणि औषधे चोख ठेवली की मन त्यामागून येते. मला वाटते की, आम्ही त्यांच्या शरीराची इतकी काळजी घेतली की त्यांना स्वतःला करण्यासारखे काही शिल्लकच ठेवले नाही. घरापुरते उत्तर मिळाले तर हवेच आहे, पण प्रश्न मुळात मोठा आहे म्हणून येथे मांडते: माणसाला शारीरिक गरजा अधिक महत्त्वाच्या असतात, की आपण कशासाठी तरी आहोत ही जाणीव?

पोटोबा

माझ्या सदस्यनामातच उत्तर आहे. विठोबाचा क्रमांक म्हणीनेच दुसरा लावून ठेवला आहे.

शाश्वत

दादांशी सहमत आहे. कालिदासानेच सांगून ठेवले आहे, 'शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्'. धर्म म्हणा, ध्येय म्हणा, ते साधायचे साधन शरीर आहे आणि साधनच मोडले तर साध्याची चर्चा व्यर्थ आहे.

वल्कल

शाश्वत, हे वचन भिंतीवर लावण्यापूर्वी ते कोण कोणाला म्हणतो हे पाहावे, अशी विनंती आहे. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात पार्वती घोर तप करते आहे. गळून पडलेली पानेसुद्धा खाणे तिने सोडले आहे, म्हणूनच तिला 'अपर्णा' म्हणतात. तेथे ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव तिची विचारपूस करताना म्हणतो की, शक्तीच्या मर्यादेत राहून तप करतेस ना, कारण शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे. पुढे तो तिला परावृत्त करण्याचाच प्रयत्न करतो आणि ती मुळीच ऐकत नाही. म्हणजे शरीराच्या बाजूने दिलेले आपले सर्वांत लाडके वचन परीक्षा पाहणाऱ्याच्या तोंडी आहे, आणि जिला ते ऐकवले तिने ते न मानल्यामुळेच पुढची कथा घडते.

शाश्वत

हे माहीत नव्हते. तरीही वचन चुकीचे ठरत नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

निरुत्तर

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे मॅस्लो यांचे नाव निघायच्या आत मीच काढते. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांचा गरजांविषयीचा मूळ लेख १९४३ मधला आहे. त्यात गरजांच्या पायऱ्यांचा, तळाशी शारीरिक गरजा असलेला, सर्वांना पाठ असलेला तो त्रिकोण कोठेही नाही. तो नंतर व्यवस्थापनाच्या जगाने काढला. खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची सुरूच होत नाही, हा अर्थही मुख्यतः त्या चित्राने पसरवला. मॅस्लो यांनी उदाहरणादाखल, केवळ समजावण्यासाठी म्हणून, काही आकडे घेतले होते: एखाद्या सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि स्वतःतले सगळे फुलून येण्याच्या १० टक्के. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी अर्ध्यामुर्ध्या जाग्या असतात. आदर्शासाठी सर्वस्व सोडणारी माणसे त्यांनी अपवाद म्हणून त्याच लेखात नमूद केली आहेत.

अर्धविराम, तुमच्या वडिलांच्या खालच्या पायऱ्या जवळजवळ शंभर टक्के भरलेल्या दिसतात. दादांचा सिद्धांत खरा असता तर वरच्या आपोआप भरायला हव्या होत्या.

तिरकस

शारीरिक गरजांपेक्षा उद्देश मोठा असे म्हणणारा माणूस बहुधा जेवून उठलेला असतो, हे माझे निरीक्षण आहे.

मी ज्या आस्थापनेत अकरा वर्षे काम केले तेथे वर्षातून दोनदा आम्हाला आमच्या कामाचे 'उदात्त प्रयोजन' समजावून सांगितले जात असे, आणि ते नेमके पगारवाढ पुढे ढकलली की सांगितले जात असे. इतरांच्या गरजा नाकारायच्या असतील तर उद्देशासारखे स्वस्त साधन नाही. त्यामुळे या चर्चेत पहिला प्रश्न 'कोणाचा उद्देश आणि कोणाची भूक' हा असायला हवा. स्वतःच्या भुकेला स्वतःच्या उद्देशापेक्षा कमी लेखण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या भुकेला आपल्या उद्देशापेक्षा कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पोटोबा

तिरकस यांच्या शेवटच्या दोन वाक्यांसाठी मी माझा विनोद मागे घेतो. (फक्त या प्रतिसादापुरता.)

मोजपट्टी

भुकेवर एक नीट मोजमाप झालेला प्रयोग आहे आणि तो दोन्ही बाजूंना अडचणीत आणतो. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ तरुणांवर तो सुरू केला. हे सर्वजण विवेकबुद्धीला स्मरून युद्धात लढायला नकार दिलेले स्वयंसेवक होते. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे डॉक्टरांना कळावे, म्हणून ते स्वतःहून उपाशी राहायला तयार झाले. इतका स्वच्छ उद्देश क्वचितच सापडेल. २४ आठवडे त्यांना अपुरे अन्न दिले गेले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

झाले असे की, जग बदलू पाहणाऱ्या या माणसांना जगात रस उरला नाही. राजकारण, अभ्यास, प्रेम, सगळे मागे पडले. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, पुढ्यातले ताट तासन्‌तास पुरवून खाऊ लागले, एकमेकांवर विनाकारण चिडू लागले. भुकेने त्यांचा उद्देश खोडून टाकला नाही, पण तो आठवण्याची जागा व्यापली. असे असूनही त्यांच्यातले बहुतेक जण शेवटपर्यंत टिकले. दार बंद नव्हते, ते केव्हाही बाहेर पडू शकत होते.

तेव्हा कोण जिंकले ते तुम्हीच सांगा. मला गेली काही वर्षे ठरवता आलेले नाही.

वल्कल

मोजपट्टी यांनी सांगितलेल्या प्रयोगाचा एक फार जुना अवतार छांदोग्य उपनिषदात आहे. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवे तितके पी, असे सांगतो. सोळाव्या दिवशी तो त्याला वेद म्हणायला सांगतो आणि मुलगा उत्तर देतो की, मला काहीच स्फुरत नाही. मग बाप म्हणतो, जा, जेव. जेवून आल्यावर त्याला जे विचारावे ते येते. 'अन्नमयं हि सोम्य मनः', मन अन्नाचेच बनले आहे, हे बापाला सांगायचे होते. ते त्याने नुसते सांगितले नाही, मुलाला अनुभवायला लावले. ज्या परंपरेला आपण सरसकट देहाकडे पाठ फिरवणारी समजतो, तिच्यातच हा पाठ आहे.

तिरकस

म्हणजे सामना माझ्या बाजूला झुकतो आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि बरे न होणाऱ्या आजारांच्या रुग्णांच्या विभागात नऊ वर्षे काम करते आहे. आम्ही रुग्णाला वेदना शून्य ते दहा अशी मोजून सांगायला लावतो. वेदना आठवर असताना कोणी आयुष्याच्या अर्थाविषयी बोललेले मी ऐकलेले नाही. त्या वेळी माणसाचे सगळे जग उशीएवढे होते. तेथे उद्देशाच्या गोष्टी सांगणारे नातेवाईक मी पाहिले आहेत आणि त्यांना हळूच बाहेर बसवले आहे.

पण वेदना चारवर आली की बोलणे सुरू होते, आणि ते बोलणे जवळजवळ कधीही शरीराविषयी नसते. कोणाला एक पत्र लिहायचे असते, कोणाला कुलुपाची किल्ली कोठे ठेवली ते सांगायचे असते. एका गृहस्थांना शेजारच्या खाटेवरच्या मुलाला बुद्धिबळ शिकवायचे होते आणि त्यासाठी त्यांनी दुपारची झोपेची मात्रा डॉक्टरांना सांगून कमी करून घेतली. थोड्या वेदना सोसून जागे राहणे त्यांनी निवडले. ज्यांच्याजवळ असे काही नसते ते वेदना चारवर असतानाही घंटी वारंवार वाजवतात, आणि आम्ही गेलो की काय हवे होते ते त्यांना सांगता येत नाही.

म्हणून मला 'काय अधिक महत्त्वाचे' हा प्रश्न कळत नाही. 'आत्ता काय' एवढाच कळतो.

ओलावा

रात्रपाळी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझा अनुभव उलट्या टोकाचा आहे. नोकरी गेली तेव्हा माझ्याजवळ दीड वर्षाची बचत होती, म्हणजे पोटाचा प्रश्न नव्हता. वाटले होते, साठवून ठेवलेली पुस्तके वाचीन. चौदा महिन्यांत चार पुस्तके वाचली, तीही अर्धवट. अंघोळ दुपारी होऊ लागली. वेळ इतका होता की कोणतीही गोष्ट आजच करावी असे कारण सापडत नसे.

नंतर मारिएन्थालविषयी वाचले आणि आपणच काही वेगळे आळशी नव्हतो हे कळले. व्हिएन्नाजवळच्या या गावातला कापडाचा कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी तेथे अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना वाचायला वेळच वेळ असताना गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्याने घटले. संशोधकांनी रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग मोजला, तर पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते आणि वाटेत पुनःपुन्हा थांबत होते. बायकांची कारखान्यातली कामे सुटली होती, पण घरचे काम सुटले नव्हते. दोघांच्या ताटात सारखेच थोडे होते. फरक एवढाच होता की, बायकांची घरी कोणीतरी वाट पाहत होते.

तिरकस

ओलावा, उदाहरण उत्तम आहे, पण 'फरक एवढाच' म्हणू नका. त्या गावात उपासमारही होती. आणि त्या बायकांना विचारले असते तर त्यांनी त्या घरकामाला उद्देश म्हटले असते की ओझे, हेही तपासावे लागेल.

ओलावा

मान्य. 'एवढाच' मागे घेते. पण ओझ्यानेसुद्धा माणूस चालता राहतो, हे माझे निरीक्षण ठेवून घेते.

कोरा कागद

ओझ्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. मूल झाल्यानंतरच्या पहिल्या चार महिन्यांत माझ्या आयुष्याला जितका स्पष्ट उद्देश होता तितका आधी कधी नव्हता आणि पुढेही बहुधा नसेल. तो रात्री दर दोन तासांनी रडून स्वतःची आठवण करून देत असे. आणि त्याच चार महिन्यांत मी न्हाणीघराचे दार लावून रडले आहे. झोप नसेल तर उद्देश बळ देत नाही, तो अपराधी वाटायला लावतो. सगळे म्हणत, 'त्याच्याकडे पाहिलेस की थकवा पळून जाईल.' थकवा पळाला तो एका रविवारी आई येऊन राहिली आणि मी सलग सात तास झोपले तेव्हा. उठल्यावर मुलाकडे पाहिले आणि पहिल्यांदाच ते मला सुंदर दिसले.

पोटोबा

अवांतर: या धाग्यात आतापर्यंत उद्देश, प्रयोजन, ध्येय, आदर्श, अर्थ आणि ओझे असे सहा शब्द एकाच अर्थाने आले आहेत. भुकेला मात्र सगळ्यांनी भूकच म्हटले आहे. यावरूनच काय ते समजा.

निरुत्तर

पोटोबा विनोदात खरे बोलून गेले. गरज हा शब्द कमतरतेने ओळखता येतो, उद्देश तसा येत नाही. याला धरूनच एक मोठा अभ्यास आहे. लुईस टे आणि एड डीनर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये १२३ देशांतल्या माहितीवर तो केला. आपले आयुष्य एकंदर कसे चालले आहे असे विचारल्यावर लोक जे उत्तर देतात, त्याचा सर्वांत घट्ट संबंध मूलभूत गरजा भागण्याशी दिसला. काल हसलात का, आनंद वाटला का, याचा संबंध माणसांशी असलेल्या नात्यांशी आणि मिळणाऱ्या आदराशी अधिक दिसला. खालच्या गरजा पुऱ्या भागलेल्या नसतानाही वरच्या गरजा भागल्याचा लाभ होत होता. म्हणजे शिडीची उपमाच बहुधा चुकीची आहे. जीवनसत्त्वांची उपमा बरी: एकाचा साठा कितीही असला तरी तो दुसऱ्याची उणीव भरून काढत नाही.

शाश्वत

पण टोकाच्या प्रसंगी काय? नाझी छळछावणीत ज्यांच्याजवळ जगण्याचे कारण होते ते जगले, असे तेथून वाचलेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी आपल्या पुस्तकात लिहिलेच आहे ना?

मोजपट्टी

इतके सरळ लिहिलेले नाही. ज्यांच्या पुढे काही उरले नव्हते ते लवकर खचत, हे त्यांचे निरीक्षण आहेच. पण वाचण्यात नशिबाचा वाटा किती मोठा होता हेही त्यांनी लिहिले आहे, आणि आमच्यातले जे सर्वांत चांगले होते ते परत आले नाहीत, हेही. कैदी फावल्या वेळात जेवणाविषयीच बोलत आणि स्वप्नेही खाण्याची पाहत, हे त्याच पुस्तकात आहे. उद्देशाने माणूस जगतो असा नियम केला, तर जे मेले त्यांच्याजवळ उद्देश नव्हता असा आरोप होतो, आणि तो खोटा आहे.

नाझींनी ज्यूंना जेथे कोंडले होते त्या वॉर्साच्या वस्तीत, म्हणजे घेट्टोत, ज्यू डॉक्टरांनी १९४२ मध्ये उपासमारीचा शास्त्रीय अभ्यास केला. रुग्ण उपाशी होते आणि तपासणारेही उपाशी होते. नोंदी चोरून बाहेर पाठवल्या गेल्या आणि १९४६ मध्ये छापून आल्या. तोपर्यंत त्या लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण मारले गेले होते. त्याच महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बियाण्यांचा संग्रह राखला आणि त्यांच्यातले अनेक जण भुकेने मेले. हाताशी धान्य होते, पण ते खाण्यासाठी नव्हते. उद्देशाने त्यांना वाचवले नाही, उलट त्यांच्या मरणात त्याचा वाटा होता. मला त्यांच्यातून एवढेच कळते की, शरीर माणसाला 'खा' असे सांगू शकते, पण 'हे खा' असे सांगायला त्याला दुसऱ्या कोणाची तरी संमती लागते.

तिरकस

यावर माझ्याजवळ उत्तर नाही. फक्त एक भेद ठेवतो: वाव्हिलोव्ह स्वतः त्याच काळात, जानेवारी १९४३ मध्ये, सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी ते धान्य न खाणे निवडले होते. वाव्हिलोव्ह यांच्यावर भूक लादली गेली होती. दोन्हींना एकच 'भूक' हा शब्द वापरतो आपण.

दोन टाके

मी डॉक्टर आहे. चर्चा उंचावर गेली आहे, म्हणून ती जरा खाली आणतो, कारण धागा काढणाऱ्या बाईंचे वडील अजून पहिल्या परिच्छेदातच बसले आहेत.

म्हातारा माणूस गप्प झाला की घरचे दोनच निदाने करतात: वय झाले, किंवा मन रमत नाही. त्याआधी थायरॉइड, ब१२ जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन तपासा. सध्याची औषधे एकदा कोणाला तरी दाखवा, कारण काही औषधांनी माणूस मंदावतो. नैराश्य आहे का हे नीट विचारा, कारण उतारवयात ते रडण्याने कमी आणि अलिप्तपणाने जास्त दिसते. आणि कान तपासा. पलीकडच्या खोलीतून चुका दुरुस्त करणारा माणूस आता समोरही करत नाही, हे वाक्य वाचल्यापासून मी तेथेच अडकलो आहे. वयामुळे ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. आवाज ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने निसटतात, त्यामुळे माणसाला वाटते की लोकच अस्पष्ट बोलू लागले आहेत. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांमध्ये ऐकू कमी येणे आता गणले जाते, तेव्हा हा केवळ सोयीचा प्रश्न नाही.

निरुत्तर

हे मला सुचायला हवे होते.

पोटोबा

ऐकू येणे ही शारीरिक गरज की क्षमता, यावर नवा धागा काढावा काय?

दोन टाके

काढू नये.

अर्धविराम

बारा दिवसांनी लिहिते आहे, सर्वांनी क्षमा करावी.

रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. दोन्ही कानांचा आलेख मात्र उतरत गेलेला निघाला, आणि उतार नेमका दोन टाके म्हणाले तसा उंच पट्टीत होता. परत येताना बाबांनी गाडीत जे सांगितले ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. शेजारचा एक मुलगा त्यांच्याकडे बीजगणित शिकायला येत असे. ते शिकवणे त्यांनी बंद केले तेव्हा 'आताच्या मुलांना गोडी नाही' असे कारण दिले होते. खरे कारण असे की, मुलाने एक प्रश्न विचारला, बाबांनी भलत्याच प्रश्नाचे उत्तर दिले आणि तो हसला. दुसऱ्यांदा तसे घडू नये म्हणून त्यांनी त्याला येऊ नकोस म्हणून सांगितले. त्यानंतर ते घरातही कोणाला दुरुस्त करेनासे झाले, कारण आपण चुकीचे ऐकले असेल अशी त्यांना भीती वाटे.

श्रवणयंत्र घेतले आहे. मी त्या मुलाच्या आईशी बोलले आणि तो पुन्हा येऊ लागला आहे. दादा म्हणतो, 'बघ, शेवटी शरीरच निघाले.' मी म्हणते की, मुलगा आला नसता तर यंत्र खोक्यातच राहिले असते. रात्री जेवताना बाबा यंत्र काढून ठेवतात. का काढता असे विचारले तर म्हणाले, ते तुमचा वाद ऐकण्यासाठी घेतलेले नाही.

तिरकस

बाबांना माझा नमस्कार सांगा.

दोन टाके

चांगली बातमी आहे. मात्र यंत्र शिकवणीपुरतेच वापरून चालणार नाही. इतकी वर्षे न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे लागतात आणि त्यासाठी ते दिवसाचा बराचसा वेळ कानात असावे लागते. सुरुवातीला भांड्यांचा आवाज कर्कश वाटेल. तो त्रास होत असेल तर जुळवणी करून घ्या, यंत्र काढू देऊ नका.

अर्धविराम

सांगून पाहिले. त्यांनी मान डोलावली, म्हणजे बहुधा ऐकू आले नाही. उद्या मुलाची परीक्षा असल्याने तो येणार नाही, आणि यंत्र आतापासूनच खोक्यात आहे.